मार्जार, बाजारपेठ आणि जीवदया

मनुष्याने धान्य साठविण्यास प्रारंभ केला आणि उंदीर त्याच्या घरात आला. उंदरामागोमाग मांजर आले. गाय, बैल, अश्व यांना मनुष्याने प्रयत्नपूर्वक माणसाळविले, मांजर मात्र आपल्या पायांनी आले आणि आपल्या अटींवर राहिले. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात मनुष्याशेजारी मांजराचा सांगाडा आढळल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या बेटावर मांजराची जात मूळची नव्हती. म्हणजे कोणीतरी ते नौकेतून, बहुधा धान्याच्या साठ्यासोबतच, तेथे नेले होते. पुण्याच्या मार्केट यार्डातील भुसार विभागात पोत्यांच्या थप्पीवर निजलेले मांजर हे त्याच प्राचीन सहवासाचे आजचे रूप होय.

मात्र या सहवासाला जीवदयेच्या दृष्टीने पाहू गेल्यास एक अवघड प्रश्न उभा राहतो. गाईला चारा घालावा, पारव्यांना दाणे टाकावेत, मुंग्यांना साखर ठेवावी, यात कोणालाही संकोच वाटत नाही. मांजर हा मांसभक्षक प्राणी आहे. त्याला जगवावे तर इतर जिवांचे काय, आणि न जगवावे तर तोही पंचेंद्रिय जीवच. जीवदयेच्या इतिहासात मांजराची जागा नेहमीच अशी उंबरठ्यावरची राहिली आहे. अलीकडे प्राणी-निवाऱ्यातून वाचविलेले, पूर्ण वाढ झालेले मांजर घरी दत्तक घेण्याची प्रथा पुण्यात रुजू लागली असल्याने हा उंबरठ्यावरचा प्रश्न पुन्हा एकदा घरात आला आहे. त्याचा मागोवा घेताना बरेच मागे जावे लागते.

सम्राट अशोकाने राज्याभिषेकानंतरच्या सव्विसाव्या वर्षी कोरविलेल्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची मोठी यादी आहे. त्याच लेखात जिवावर जीव पोसू नये अशा आशयाची आज्ञाही आहे. ही आज्ञा वाचताना मांजराची आठवण झाल्यावाचून राहत नाही, कारण तिचे तंतोतंत पालन मांजर पाळणाऱ्याला जवळजवळ अशक्यच. पुढे बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी गुजरातचा राजा कुमारपाल याच्यासाठी रचलेल्या योगशास्त्रात श्रावकाने टाळावयाचे पंधरा व्यवसाय, म्हणजे कर्मादाने, सांगितली. त्यांतील एक असतीपोषण. मैना, पोपट, मांजर, कुत्रा, कोंबडा, मोर यांचे, तसेच दासींचे, पोषण करणे त्यात निषिद्ध मानले आहे. हा निषेध पुष्कळदा अर्धाच सांगितला जातो. हेमचंद्राचार्यांच्या व्याख्येत हे पोषण धनासाठी केलेले असावे, ही अट स्पष्ट आहे. प्राण्याच्या हिंस्रतेवर किंवा त्याच्या देहावर स्वतःची कमाई उभी करणे हा दोष. अपंग मांजराला दूध पाजणे नव्हे. हा भेद पुढील सर्व इतिहासाच्या मुळाशी आहे.

व्यवहारात हा भेद लोकांनी बरोबर ओळखला होता, असे परकीय प्रवाशांच्या लेखनावरून दिसते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानात आलेल्या राल्फ फिच या इंग्रज व्यापाऱ्याच्या वृत्तांतात खंबायतच्या लोकांविषयी लिहिताना लंगड्या कुत्र्यांसाठी, मांजरांसाठी आणि पक्ष्यांसाठी तेथे रुग्णालये असल्याची नोंद आहे. पिएत्रो देल्ला व्हाल्ले या इटालियन प्रवाशाने १६२३ मध्ये खंबायतेस भेट देऊन अशी ठिकाणे स्वतः पाहिली. युरोपात त्या काळी मांजराकडे चेटकिणीची सोबतीण म्हणून पाहिले जात असे. त्यामुळे लंगड्या मांजराला अन्न घालणारे व्यापारी पाहून या पाहुण्यांना नवल वाटले यात आश्चर्य नाही. ही रुग्णालये म्हणजेच पांजरपोळ. तेथे आलेला प्राणी नैसर्गिक मृत्यू येईपर्यंत सांभाळला जाई. त्याला दुसऱ्या कोणाच्या घरी पाठवावे, ही कल्पना त्या व्यवस्थेत नव्हती.

मुंबईत १८३२ च्या जून महिन्यात भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमाविरुद्ध मोठा दंगा झाला. त्यात पारशी समाज अग्रभागी होता. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पुढाकाराने आणि जैन, हिंदू व्यापाऱ्यांच्या सहकार्याने भुलेश्वर येथे मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. पुण्यातही पांजरपोळाची परंपरा जुनी असून भोसरी येथील पांजरपोळ पुणेकरांच्या परिचयाचा आहे. या संस्थांचा खर्च चालविण्याची रीत बाजारपेठेशी जोडलेली होती, आणि मार्केट यार्डातील वाचकांना तिचे स्वरूप सहज उमगेल. कापसाच्या गाठीवर, धान्याच्या पोत्यावर, हुंडीवर व्यापारी आपसांत ठरवून अल्पसा लागा बसवीत. बिलात हमाली, तोलाई यांच्या खाली धर्मादाय अशी एक ओळ असे, आणि त्या ओळीतून गोशाळा, पांजरपोळ, पाणपोया चालत.

या ओळीचा एक पैलू मात्र गौरवलेखांत सहसा येत नाही. हा धर्मादाय पुष्कळदा व्यापाऱ्याच्या नफ्यातून न जाता शेतकऱ्याच्या पट्टीतून कापला जाई. शेतीविषयक शाही आयोगाने १९२८ च्या आपल्या अहवालात बाजारातील कपातींचा विचार केला, तेव्हा शेतकऱ्याच्या संमतीविना होणाऱ्या अशा कपातींमध्ये धर्मादायाचाही समावेश होता, आणि नियंत्रित बाजारांची शिफारस करण्यामागे हे एक कारण होते. मुंबई इलाख्यात १९३९ चा शेती उत्पन्न बाजार कायदा झाला, पुढे महाराष्ट्रात १९६३ चा कायदा आला, आणि अशा कपातींना आळा बसला. दयेचे श्रेय एकाकडे आणि तिचा खर्च दुसऱ्याकडे, ही जुनी विसंगती कायद्याने दूर केली हे चांगलेच झाले. आता जीवदयेसाठी देणगी देणारा ती स्वतःच्या खिशातून देतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पांजरपोळांचे स्वरूप बदलले. गोरक्षणाची चळवळ वाढली, आणि म्हाताऱ्या गाई-बैलांनी या संस्था भरून गेल्या. मांजर, कुत्रा, ससा यांची जागा आक्रसत गेली. दुसरीकडे इंग्रजी धर्तीवर नव्या संस्था आल्या. मुंबईत प्राण्यांवरील क्रौर्याच्या प्रतिबंधासाठी १८७४ मध्ये संस्था स्थापन झाली. परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय १८८३ च्या सुमारास उभे राहिले, आणि १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. पांजरपोळ प्राण्याला आसरा देई, रुग्णालय उपचार करी. उपचारानंतर बरे झालेले मांजर जाणार कोठे, याचे उत्तर दोघांकडेही नव्हते.

त्याच सुमारास लंडनमध्ये या प्रश्नाचे एक वेगळे उत्तर शोधले जात होते. मेरी टिल्बी या बाईंनी १८६० मध्ये हरवलेल्या, उपाशी कुत्र्यांसाठी तेथे निवारा उघडला. तो १८७१ मध्ये बॅटरसी भागात हलला, आणि १८८३ पासून तेथे मांजरेही घेतली जाऊ लागली. तेथील प्राण्याला नवे घर मिळू शकत असे. परंतु ठरावीक दिवसांत कोणी न नेल्यास बहुतेकांना मारून टाकले जाई. आपल्याकडे मरण नव्हते आणि घरही नव्हते; तिकडे घर होते, पण मुदत होती. मरणाची मुदत नसलेला आणि घर शोधून देणारा निवारा ही कल्पना पाश्चात्त्य देशांतही उशिरानेच रुजली. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात १९९४ मध्ये तसा करार झाला, तेव्हा ती तेथेही नवलाईची गोष्ट होती. पूर्व आणि पश्चिम यांच्या प्राणिदयेची तुलना करणाऱ्यांनी दोहोंकडची ही उणीव ध्यानात ठेवावयास हवी.

महाराष्ट्रात मांजराकडे लोकांचे लक्ष वेधणारी घटना घडली ती प्लेगच्या काळात. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅशियो गॅब्रियल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा भाग. पुढील वर्षाच्या आरंभी पुणे या साथीने ग्रासले. रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले, आणि २२ जून रोजी रँडवर गोळी झाडली गेली. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने १८९८ मध्ये कराचीत केलेल्या प्रयोगातून हा रोग उंदरावरील पिसवांमुळे पसरतो असे दाखविले. मात्र त्याचे म्हणणे सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे लागली. त्यानंतर उंदीर मारण्याच्या मोहिमा निघाल्या, आणि त्यांत सहभागी होण्यास अनेक घरांतून विरोध झाला. पिंजऱ्यात सापडलेला उंदीर पाण्यात बुडविणे श्रद्धाळू माणसाच्या हातून होत नसे.

अशा वेळी अमरावतीस नेमणुकीवर असलेले इंडियन मेडिकल सर्व्हिसचे अधिकारी लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्युकॅनन यांनी एक साधी सूचना केली. ज्या गावांत मांजरे पुष्कळ, तेथे प्लेग कमी, असे त्यांना आढळले होते. त्यांनी वऱ्हाड-नागपूरकडील गावांतून मांजरांची गणना करविली, आणि प्लेग-प्रतिबंधक म्हणून मांजराचे महत्त्व सांगणारा त्यांचा लेख १९०८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. वैद्यकाच्या इतिहासात वऱ्हाडच्या मांजरांची अशी नोंद झाली ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी कोणास ठाऊक नाही. आजच्या ज्ञानानुसार ब्युकॅनन यांचे म्हणणे अपुरे होते. रोगी उंदीर खाऊन मांजरालाही प्लेग होतो, आणि त्याच्यापासून तो माणसाला होऊ शकतो. तथापि त्या सूचनेतून पुढे आलेला धर्मविचार अधिक गुंतागुंतीचा आहे. उंदीर स्वतः मारावयाचा नाही, आणि मारण्यासाठी मांजर ठेवावयाचे. तर मग हिंसा कोणाची? शास्त्रात हिंसा कृत, कारित आणि अनुमोदित अशी तीन प्रकारची मानली आहे. उंदीर मारण्यासाठीच पाळलेले मांजर ही कारित हिंसाच. वखारीतील माल वाचविण्यासाठी ती होत असल्याने हेमचंद्राचार्यांच्या धनासाठी या अटीतही ती बसते. गाळ्यावर मांजर ठेवणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या व्यापाऱ्यांनी हा विचार केला नसेल असे नाही. बहुधा मांजर आपले आपण आले, आपण फक्त दूध ठेवले, असे समाधान त्यांनी करून घेतले असावे. मराठीत डोळे मिटून दूध पिण्याची म्हण मांजरावर आहे, ती या प्रसंगी मालकासही लावता येईल.

पुण्याचा भुसार बाजार पूर्वी नाना पेठ-भवानी पेठेत होता, आणि भाजीपाल्याची घाऊक उलाढाल १८८६ साली उघडलेल्या रे मार्केटात, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईत होत असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे घाऊक व्यवहार टप्प्याटप्प्याने गुलटेकडीच्या प्रशस्त मार्केट यार्डात आले. पेठेतील वाड्यात दुकान खाली व बिऱ्हाड वर असे, त्यामुळे दुकानाचे मांजर हे घराचेही मांजर असे. रात्री त्याला दूधभात मिळे, बाळंतीण झाल्यास माळ्यावर जागा मिळे. यार्डात गाळे वेगळे आणि घरे वेगळी झाली. संध्याकाळी शटर ओढले की मालक, दिवाणजी, हमाल, तोलणार सर्व निघून जातात आणि मांजर एकटे राहते. घर आणि पेढी यांची ही फारकत मांजराच्या दृष्टीने मोठी घटना होती, पण तिची दखल कोणी घेतलेली नाही.

पुढे आणखी दोन गोष्टी घडल्या. उंदरांसाठी विषारी औषधांचा वापर सर्रास सुरू झाला, आणि विष खाल्लेला उंदीर खाऊन मांजरेही मरू लागली. दुसरे असे की, २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली २०११ मध्ये जे नियम आले, त्यांनुसार खाद्यपदार्थांच्या जागेत प्राण्यांचा वावर नसावा अशी अपेक्षा आहे. आरोग्याच्या दृष्टीने हा नियम योग्यच आहे. पण नऊ हजार वर्षे धान्याजवळ नोकरी केलेल्या प्राण्याला तो निवृत्तीचा कागद होता, आणि या निवृत्तीला वेतन नव्हते.

प्राण्यास अन्न टाकणे आणि प्राणी सांभाळणे यांत अंतर आहे, हे महात्मा गांधींनी १९२६ मध्ये अत्यंत कठोर शब्दांत सांगितले होते. अहमदाबादेतील गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी आपल्या आवारात जमलेली साठ कुत्री, त्यांतील काही पिसाळल्यामुळे, मारविली. जीवदया मंडळींनी त्यावर गहजब केला. गांधीजींनी या कृतीचे समर्थन केले आणि लेखमाला लिहिली. त्यांना संतप्त पत्रांचा वर्षाव सोसावा लागला, त्यांत जैन वाचकांची पत्रेही बरीच होती. कुत्री मारण्याविषयीचे त्यांचे मत अनेकांना तेव्हा पटले नाही आणि आजही पटणार नाही. परंतु त्यांच्या युक्तिवादाचा दुसरा भाग तितकासा चर्चिला गेला नाही. बेवारस प्राण्यापुढे तुकडा टाकून पुण्य पदरात पाडून घेणे ही दया नव्हे. ज्याला दया येते त्याने त्या प्राण्याचे धनी व्हावे, किंवा अशा प्राण्यांसाठी संस्था चालवावी, हे त्यांचे म्हणणे होते. नव्वदहून अधिक वर्षांनी पुण्यातील निवाऱ्यांचे कार्यकर्ते वेगळ्या शब्दांत हेच सांगताना दिसतात.

स्वातंत्र्यानंतर रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून १९६० चा प्राणी क्रौर्य प्रतिबंधक कायदा झाला आणि त्याखाली १९६२ मध्ये भारतीय पशुकल्याण मंडळ स्थापन झाले. या कायद्यानुसार उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्यास सोडून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यास दंड १० ते ५० रुपये. मांजर पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून येण्याची आपल्याकडील जुनी रीत या कलमात बसते, हे फार थोड्यांना ठाऊक असते; मांजर मेल्यास काशीस जावे लागते असे मानणारी घरेही सोडून देण्यात पाप मानीत नसत. प्राण्यांच्या संततिनियमनाचे २००१ चे नियम तर नावापासूनच श्वानांपुरते होते. मांजराकडे शासनाचे लक्ष जाण्यास आणखी दोन दशके लागली. पुणे महापालिकेने २०२२ मध्ये पाळीव मांजरांच्या नोंदणीचे पाऊल उचलले.

दरम्यान पुण्यात लोकवर्गणीवर चालणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या होत्या. मुंढव्याची ब्लू क्रॉस सोसायटी, २००७ पासून काम करणारी बावधनची रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट ही त्यांतील ठळक नावे. अपघातात सापडलेले, विहिरीत पडलेले, मालकाने टाकलेले प्राणी अशा संस्थांत येतात, उपचार घेतात, आणि जमल्यास त्यांना घर शोधून दिले जाते. पांजरपोळाच्या परंपरेला मिळालेले हे नवे वळण होय. जुन्या पांजरपोळात फाटक आत उघडत असे. येथे ते बाहेरही उघडते, आणि बाहेर गेलेल्या प्रत्येक प्राण्यामागे एका नव्या रुग्णास जागा होते.

अडचण अशी की, बाहेर जाण्याची ही संधी बहुधा पिलांनाच मिळते. दत्तक घेण्यास आलेले कुटुंब प्रथम पिलांच्या पिंजऱ्याशी थांबते. पिलू गोजिरवाणे, ते आपल्या घरात वाढेल, आपल्याला ओळखेल, असा त्यामागचा विचार असतो. तीन-चार वर्षांचे, एका कानाला ओरखडा असलेले, कोपऱ्यात पाठ करून बसलेले मांजर कोणी पाहत नाही. वास्तविक पिलाचा स्वभाव पुढे कसा होईल हे कोणीच सांगू शकत नाही. मोठ्या मांजराचा स्वभाव समोर दिसत असतो. ते लहान मुलांत रमते की नाही, दुसरे मांजर सहन करते की नाही, मांडीवर येते की दुरूनच सोबत करते, हे निवाऱ्यातील माणसे आधीच सांगू शकतात. मांजराच्या पिलास माणसाची सवय लागण्याचा काळ सुमारे दुसऱ्या ते सातव्या आठवड्याचा असतो, हे खरे. परंतु निवाऱ्यात आलेली कित्येक मोठी मांजरे मुळात घरातलीच असतात, आणि त्यांना माणूस नवा नसतो, नवे असते ते फक्त घर.

मोठ्यास दत्तक घेणे ही महाराष्ट्राला अपरिचित गोष्टही नव्हे. नीलकंठ भट्टांच्या व्यवहारमयूखास प्रमाण मानणाऱ्या मुंबई इलाख्यात दत्तकाला वयाची अट नव्हती. विवाहित, मुलेबाळे असलेला पुरुषही दत्तक जाऊ शके, आणि न्यायालयांनी ते मान्य केले होते. जैन समाजातही प्रौढ दत्तकाची रूढी न्यायालयांनी स्वीकारलेली आहे. १९५६ च्या कायद्याने पंधरा वर्षांची मर्यादा घातली, तरी रूढी असल्यास तिला सवलत ठेवली. चालती पेढी सांभाळण्यास पाळण्यातले मूल नव्हे तर जाणता माणूस हवा, हे व्यापारी घराण्यांना कोणी सांगावे लागले नाही. मांजराच्या बाबतीत हेच शहाणपण लागू करावयास हरकत नसावी.

जैन गृहस्थाचा खरा संकोच मात्र वयाविषयी नसतो, अन्नाविषयी असतो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मांजर दूधभातावर जगते हा समज चुकीचा आहे. वाड्यातील मांजर दूधभात खाई आणि उरलेले पोषण उंदरांतून मिळवी. टॉरिन नावाचे द्रव्य मांजराचे शरीर पुरेशा प्रमाणात तयार करू शकत नाही. ते मांसातून मिळते. ते न मिळाल्यास मांजर आंधळे होते हे १९७५ मध्ये, आणि त्याचे हृदय निकामी होते हे १९८७ मध्ये संशोधकांनी सिद्ध केले. कृत्रिम टॉरिन घातलेले शाकाहारी खाद्य परदेशांत निघाले आहे, तथापि त्यावर पशुवैद्यांचे एकमत नाही. ज्या घराच्या स्वयंपाकघरात सामिष वस्तू येणे शक्यच नाही, त्या घराने मांजर आणून त्याला दूधभातावर अर्धपोटी ठेवणे ही दया म्हणता येणार नाही. अशा घरांनी निवाऱ्यातील मांजराच्या औषधोपचाराचा, शस्त्रक्रियेचा खर्च उचलावा, आणि अनेक घरे तसे करतातही. धर्मादायाची जुनी ओळ येथे आपल्या योग्य ठिकाणी येते.

तरीही काही कुटुंबे दुसऱ्या बाजूने विचार करतात, आणि त्यांचा विचारही उथळ नाही. रस्त्यावरील मांजर आपल्या आयुष्यात असंख्य उंदीर, सरडे, चिमण्या मारते. एका मादीला वर्षातून दोन-तीन वेळा पिले होऊ शकतात. गर्भकाळ जेमतेम नऊ आठवड्यांचा. त्यांतील बरीच पिले वाहनाखाली, आजाराने वा उपासमारीने जातात, आणि जगलेली पुन्हा शिकार करतात. नसबंदी केलेले, लसीकरण झालेले आणि घरातच राहणारे मांजर ही साखळी तोडते. त्याच्या वाटीतील अन्नामागे हिंसा आहे हे नाकारता येत नाही, पण त्याच्या हातून होणारी आणि त्याच्या संततीच्या वाट्यास येणारी हिंसा थांबते. हा हिशेब कसा मांडावा याविषयी श्रावकांत मतभेद राहणारच. येथे ते मांजर धनासाठी ठेवलेले नाही आणि उंदीर मारण्यासाठीही नाही, इतके निश्चित म्हणता येईल.

दयेचे प्रमाण सुटले तर काय होते, याचेही उदाहरण दूर शोधावे लागत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये हडपसर भागातील एका सोसायटीतल्या सदनिकेत तीनशेहून अधिक मांजरे सांभाळली जात असल्याचे वृत्त राज्यभर गाजले. दुर्गंधी व आवाज यांविषयी शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या होत्या, आणि प्रशासनाने पाहणी करून मांजरे अन्यत्र हलविण्याचा आदेश दिला. वर्तमानपत्रांतून या प्रकाराची थट्टाच अधिक झाली. थट्टा करणाऱ्यांनी एवढा विचार करावयास हवा होता की, ही तीनशे मांजरे आकाशातून पडलेली नव्हती. कोणीतरी सोडून दिलेली, कोणीतरी न नेलेली मांजरे साठत जाऊनच अशी संख्या होते. एका घरात तीनशे ही आपत्ती आहे. तीच तीनशे घरांत एकेक विभागली गेली असती तर ती बातमीही झाली नसती.

गृहनिर्माण संस्थांना पाळीव प्राणी ठेवण्यास सरसकट बंदी घालता येत नाही, असे पशुकल्याण मंडळाने २०१५ मध्ये परिपत्रकाद्वारे स्पष्ट केले आहे. तरी शेजारधर्म म्हणून, आणि मांजराच्या जिवासाठीही, खिडक्या-बाल्कनीस जाळी बसविणे अगत्याचे. उंचावरून पडून दगावणाऱ्या मांजरांची संख्या लहान नाही. निवाऱ्यातील जबाबदार माणसे जाळीविषयी आधी विचारतात, घरातील सर्वांची संमती आहे काय हे विचारतात, आणि परगावी गेल्यावर कोण पाहील हेही विचारतात. काहींना ही चौकशी अपमानास्पद वाटते. वास्तविक पेढीवर दिवाणजी ठेवताना यापेक्षा अधिक चौकशी होत असे.

मोठे मांजर नव्या घरी आणल्यावर त्याला प्रथम एकच खोली द्यावी असा अनुभवी लोकांचा सल्ला असतो. पाणी, अन्न आणि वाळूची पाटी एकमेकांपासून दूर ठेवावी, आणि लपण्यासाठी एखादे खोके आडवे करून ठेवावे. त्याला ओढून बाहेर काढू नये. पहिले दोन-तीन दिवस ते पलंगाखालून हलत नाही, आणि घरातील मुले हिरमुसतात. आपण आणलेले मांजर आजारी तर नाही ना अशी शंका वडीलधाऱ्यांना येते. मग एखाद्या रात्री घरातील दिवे मालवल्यावर, यार्डाकडे जाणाऱ्या मालमोटारींचा आवाज तेवढा दुरून येत असताना, वाटीवर दात लागल्याचा बारीकसा आवाज ऐकू येतो, आणि सकाळी वाटी रिकामी आढळते.